रस्त्याचं नाव बदललं म्हणून घराची कागदपत्रं बाद होत नाहीत

‘रस्त्याला किंवा पुलाला नवं नाव दिलं की जुन्या नावाची खरेदीखतं, आधार, पासपोर्ट सगळं बदलून घ्यावं लागतं,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतो आहे. पत्ता चुकला तर कामं अडतात, म्हणून ही भीती वाटते. पण तसं काही नसतं.

जमिनीची ओळख रस्त्याच्या नावावर नसतेच. शहरात ती सिटी सर्व्हे नंबरावर असते, गावात गट किंवा सर्व्हे नंबरावर. आपली मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढून पाहा: नंबर, क्षेत्र, धारकाचं नाव. फलक बदलला तरी यातलं काही हलत नाही. पिनकोडही टपाल वाटपाच्या हद्दीवरून ठरतो. मुंबईत पेडर रोड म्हणा की डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग, ४०००२६ तेच.

खरी अडचण येते ती दोन कागदांवर दोन नावं पडली की. वीजबिलावर जुनं, आधारवर नवं, आणि बँकेतला कारकून म्हणतो, पत्ता जुळत नाही. त्यामुळे उगाच एकच कागद बदलू नये. पुढे कधी पत्ता बदलायचाच झाला, तर ‘नवं नाव (पूर्वीचा अमुक रस्ता)’ असं लिहावं. नव्या खरेदीखतात चतुःसीमेतही, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनातही, दोन्ही नावं घालावीत. कुणी पुरावा मागितलाच, तर नामकरणाच्या ठरावाची प्रत पालिकेत अर्ज करून मागता येते. नुसत्या फलकाचा फोटो पुरावा म्हणून चालेलच असं नाही. हौशी मंडळी ठरावाआधीच फलक लावून मोकळी होतात.