बर्फाच्छादित ध्रुवीय सरोवरांचे दीर्घकालीन निरीक्षण

ध्रुवीय प्रदेशांत वर्षभर किंवा वर्षाचा बराच काळ बर्फाखाली असणाऱ्या सरोवरांची पाणीपातळी, बर्फाची जाडी, तापमान, क्षारता आणि सजीवसृष्टी यांची त्याच जागी, त्याच पद्धतीने, दशकानुदशके नोंद ठेवण्याचे काम. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या जेट्टीवर दव गोठले की साताऱ्याच्या पेपरांत फोटो झळकतात. पण ऊन चढले की तो पांढरा थर जातो आणि तलाव काही गोठत नाही. अंटार्क्टिकातील टेलर खोऱ्यात मात्र सरोवरांवर ३ ते ५ मीटर जाडीचा बर्फ कायम असतो आणि त्याखाली पाणी द्रवरूपातच राहते. सुमारे चार किलोमीटर हिमस्तराखाली गाडलेले व्होस्टोक सरोवर हा प्रकार वेगळा. तिथे दरवर्षी जाऊन मोजमाप घेता येत नाही, म्हणून या नोंदीत तो धरलेला नाही.

टेलर खोरे हे मॅकमर्डो कोरड्या खोऱ्यांपैकी एक. इथल्या बॉनी, होअर आणि फ्रिक्सेल या सरोवरांचा जमाखर्च अगदी सरळ आहे. पाऊस पडत नाही. उन्हाळ्यात काही आठवडे हिमनद्या वितळतात, तेवढीच आवक. बाहेर वाहून जायला ओढा नाही. वरचा बर्फ कोरड्या वाऱ्याने झिजतो, बराचसा न वितळताच वाफ होऊन उडतो, आणि खालच्या अंगाला नवा बर्फ धरतो. त्यामुळे उन्हाळा किंचित उबदार गेला तरी त्याचा परिणाम पातळीत दिसतो. जवळच्या राइट खोऱ्यातील व्हांडा सरोवराच्या तळाशी तर सुमारे २५ अंश सेल्सिअसचे पाणी आहे: बर्फातून झिरपलेल्या उन्हाची ऊब खारट, जड थरात साठते आणि वर येऊ शकत नाही.

पातळीची सर्वांत जुनी नोंद अपघातानेच झाली. १९०३ मध्ये रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीने बॉनी सरोवराच्या चिंचोळ्या गळ्याची रुंदी मोजून ठेवली. ती जेमतेम ५ मीटर भरली. आज तो गळा कितीतरी रुंद आहे, म्हणजे शतकभरात पाणी चढले, एवढे त्या एका आकड्यावरून कळते. नियमित निरीक्षण १९९३ पासूनचे, अमेरिकेच्या दीर्घकालीन परिसंस्था संशोधन कार्यक्रमाखाली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते, कारण मोजायची खूण वर्षानुवर्षे तीच आहे. टेलर खोऱ्यातही काठावरच्या पक्क्या खुणांपासूनच दरवर्षी पातळी धरतात.

पाण्यापर्यंत पोचणे हेच निम्मे काम. इंजिनावर चालणाऱ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात, ते रुंद करायचे असेल तर तांब्याच्या वेटोळ्यातून गरम द्रव फिरवत बर्फ वितळवतात. मग दोन्ही तोंडे उघडी ठेवलेली नळकांडी बाटली दोरावरून ठरलेल्या खोलीवर सोडायची आणि त्याच दोरावरून एक लहान वजन सोडून द्यायचे. ते खटक्यावर आपटले की झाकणे मिटतात आणि त्या खोलीचे पाणी आत अडकते. पुढची धांदल नमुना तंबूत नेईपर्यंत गोठू न देण्याची. काही बाटल्यांत किरणोत्सारी कार्बन घालून त्या पुन्हा त्याच खोलीवर टांगून ठेवतात आणि शैवालांनी त्यातला किती कार्बन घेतला ते मोजतात. इथे मासे नाहीत. शैवाले, जिवाणू, एकपेशीय प्राणी आणि थोडे चक्रधर (रोटिफर) हे सूक्ष्मजीव एवढाच संसार आहे.

दीर्घकालीन म्हणजे किती, याचे उत्तर २००१-०२ च्या उन्हाळ्याने दिले. १९८६ ते २००० या काळात या खोऱ्यांतील हवा दर दशकाला सुमारे ०.७ अंशाने थंड होत होती. पातळी उतरत होती, बर्फ जाड होत होता आणि प्रकाश कमी पडल्याने शैवालांचे उत्पादन वर्षाला ६ ते ९ टक्क्यांनी घटत होते. त्यानंतर नेमका हा उबदार उन्हाळा आला, हिमनद्यांचे ओढे दुथडी भरून वाहिले आणि दहा-बारा वर्षांत उतरलेले पाणी एका मोसमात भरून आले. तीन-चार वर्षांचा प्रकल्प त्याआधी आटोपला असता तर त्याच्या अहवालात घसरणीची सरळ रेषाच आली असती. अनुदाने मात्र बहुधा तेवढ्याच मुदतीची मिळतात. शिवाय आकडे मुख्यतः उन्हाळ्यातलेच. अंधाऱ्या महिन्यांची भिस्त स्वयंचलित उपकरणांवर असते.

इतरत्र चित्र वेगळे आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या सिग्नी बेटावरील सरोवरांचे हिवाळी पाणी १९८० ते १९९५ दरम्यान ०.९ अंशाने तापले. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या वॉर्ड हंट सरोवरावरील कायमचा बर्फ २०११ मध्ये पूर्ण वितळला. अलास्कातील टूलिक सरोवरावर १९७५ पासून काम चालू आहे.

भारताचे ध्रुवीय संशोधन गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून चालते. हे केंद्र ज्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे, त्याचीच एक प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाची येथे आहे. कोयनेच्या जलाशयाची पातळी आणि भूकंपाचे धक्के यांचा संबंध काय, हा अनेक दशकांच्या नोंदींतून उभा राहिलेला प्रश्न तिथे खोल विंधनविवरांतून तपासला जातो. अंटार्क्टिकात शिर्माकर ओअॅसिस या खडकाळ पट्ट्यात शंभरावर सरोवरे आहेत. त्यांतील बहुतेकांवरचा बर्फ उन्हाळ्यात सुटतो, त्यामुळे टेलर खोऱ्याचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. १९८९ मध्ये सुरू झालेले मैत्री हे भारतीय स्थानक तिथल्याच प्रियदर्शिनी सरोवराच्या काठी आहे. या सरोवराच्या तळगाळाचे नमुने जुन्या हवामानाच्या अभ्यासासाठी काढले गेले आहेत. स्थानकाचे पिण्याचे पाणीही त्यातलेच, तेव्हा इथली पातळी वाचताना माणसांनी उपसलेल्या पाण्याचा हिशेब धरावा लागतो.