ताप मलेरियाचाच आहे का, हे ठरवणं

थंडी वाजून आलेल्या तापामागे मलेरियाच आहे की दुसरं काही, हे रक्त तपासून आणि पेशंटला नीट विचारून ठरवणं. कोल्हापूर हा गडचिरोलीसारखा मलेरियाचा पट्टा नाही, म्हणून इथं पावसाळ्यात माणूस तापानं फणफणला की डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉईड आधी डोक्यात येतात, गगनबावडा-राधानगरीकडं भातरोपाच्या चिखलात अनवाणी राबणाऱ्याला किंवा पंचगंगेच्या पुरातनं चालत आलेल्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातनं होणारा ताप), आणि चंदगडचा कोण उन्हाळ्यात दोडामार्गाकडं काजूला जाऊन आला असेल तर माकडताप (गोचिडांमुळं होणारा ताप) सुद्धा.

तापाच्या पाळीवरनं ओळखायची पद्धत फार जुनी. चरक-सुश्रुतातले तृतीयक (एक दिवसाआड) आणि चतुर्थक (दोन दिवस सोडून) ज्वर म्हणजे मलेरियाच असं बरेच अभ्यासक धरतात, मलेरियाच्या जंतूंच्या 48 आणि 72 तासांच्या चक्राशी ते जुळतंही. सुश्रुतात डासांचे पाच प्रकार आलेत म्हणून डासांमुळं हा ताप येतो हे तेव्हाच माहीत होतं, असंही काही जण म्हणतात, पण ते डास त्या ग्रंथाच्या कल्पस्थान या भागात विषारी कीटकांमध्ये येतात, ज्वराची चर्चा उत्तरतंत्र या वेगळ्या भागात आहे, त्यामुळं या मताला आधार कमी वाटतो. तसंही पाळीवर विसंबणं धोक्याचं, सुरुवातीला ताप रोजच येतो आणि फाल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूच्या जातीचा तर कसाही.

मलेरियाचा जंतू (परजीवी) रक्तात पहिल्यांदा दिसला तो लाव्हरान या फ्रेंच डॉक्टरला, 1880 साली अल्जीरियात.

आजही स्लाइडच खरी. बोट टोचून एकाच काचेवर जाड आणि पातळ असे दोन थेंब पसरतात, जाडात जंतू सापडतो, पातळात जात कळते, आणि जाड थेंबाची किमान 100 फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही. रंगाचे कण किंवा लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट नवख्याला जंतूच वाटते. एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया नाही असं होत नाही, संशय असेल तर 12 ते 24 तासांनी परत घ्यायची.

पण खरी अडचण पॉझिटिव्ह आल्यावर आहे, आणि तिकडं फार कमी लक्ष जातं. कार्ड टेस्ट (पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून करायची झटपट तपासणी) फाल्सिपेरमचं जे एचआरपी-2 प्रथिन शोधते, ते जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, म्हणजे आजचा ताप डेंग्यूचा असला तरी गेल्या महिन्यातल्या मलेरियानं मलेरियाचं कार्ड पॉझिटिव्ह येऊ शकतं. फाल्सिपेरमचे चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट (डासात जाऊन पुढं वाढणारी जंतूची अवस्था) उपचारानंतरही दिसत राहतात, त्यांनी ताप येत नाही. शिरोली एमआयडीसीत ओडिशातनं कामाला आलेल्या माणसाच्या रक्तात लहानपणापासनं झालेल्या प्रतिकारशक्तीमुळं थोडे जंतू काही त्रास न देता असू शकतात, ताप मात्र दुसऱ्याच कशाचा असतो. म्हणून रिपोर्टवर नुसतं "एमपी (मलेरियाचा परजीवी) पॉझिटिव्ह" पुरत नाही, कुठली अवस्था आणि जंतू किती ते हवं. 200 पांढऱ्या पेशींमागं किती जंतू ते मोजून 40 नं गुणलं की एका मायक्रोलिटरमधला अंदाज येतो (पांढऱ्या पेशी 8000 धरून). प्लेटलेट मलेरियातही उतरतात, त्यावरनं डेंग्यू ठरवू नये.

पूर्वी ताप दिसला की स्लाइडचा रिपोर्ट यायच्या आधीच क्लोरोक्विनच्या गोळ्या देत. 2010 पासून जागतिक आरोग्य संघटना आधी तपासणी मगच औषध असं सांगते. औषध चालू होऊन तीन दिवस झाले, जंतू गेले आणि ताप तसाच असेल, तर दुसरं कारण शोधायला लागायचं.