रेडिंग, ओटिस : ध्वनिमुद्रिका

अमेरिकन सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या भावोत्कट लोकप्रिय संगीताचा एक प्रकार) गायक ओटिस रेडिंग (९ सप्टेंबर १९४१ – १० डिसेंबर १९६७) याच्या सिंगल (दोन बाजूंस एकेक गाणे असलेल्या) तबकड्या व अल्बम. जॉर्जिया राज्यातील डॉसन येथे जन्मलेल्या आणि मेकन शहरात वाढलेल्या या गायकाचे जवळजवळ सारे महत्त्वाचे ध्वनिमुद्रण मेम्फिसच्या स्टॅक्स या ध्वनिमुद्रण कंपनीच्या स्टुडिओत, १९६२ चा उत्तरार्ध ते डिसेंबर १९६७ या पाच वर्षांत झाले. त्याच्या बहुतेक तबकड्या स्टॅक्सच्या ‘व्होल्ट’ या उपलेबलवर निघाल्या. हयातीत सहा स्टुडिओ अल्बम (त्यांतला सहावा स्टॅक्सचीच गायिका कार्ला थॉमस हिच्यासह), एक मैफलीचा अल्बम व एक संकलन प्रसिद्ध झाले. निधनानंतर आणखी चार स्टुडिओ अल्बम निघाले. प्रकाशनाचा क्रम आणि ध्वनिमुद्रणाचा क्रम यांत, विशेषतः १९६८ नंतर, मोठी तफावत आहे. केवळ प्रकाशनवर्षांवरून त्याच्या गायकीची वाटचाल मांडली की ती चुकीची उतरते. म्हणून येथे शक्य तेथे ध्वनिमुद्रणाच्या तारखांना प्राधान्य दिले आहे.

आरंभीच्या तबकड्या : स्टॅक्सपूर्वीच्या तबकड्यांचा कालनिर्णय पक्का नाही. ‘शीज ऑल राइट’ हे लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित झालेले गाणे साधारणपणे १९६० चे मानतात. ते ‘द शूटर्स’ या नावाने निघाले व त्यात ओटिसचा उल्लेख केवळ पहिल्या नावाने आहे. पाठोपाठ ‘शाउट बामालामा’ आले. त्याचे वर्ष काही सूचींत १९६०, तर काहींत १९६१ असे मिळते. १९६१ अधिक संभवनीय वाटते. पाइनटॉपर्स या मेकनच्या वाद्यवृंदासह गायलेले हे गाणे प्रथम ‘कॉन्फेडरेट’ नावाच्या लेबलवर निघाले. तबकडीवर दक्षिणेतील फुटीर राज्यांचा ध्वज छापलेला असल्याने कृष्णवर्णीयांच्या रेडिओ केंद्रांवर ती वाजणे अवघड होते. त्यामुळे ती ‘ऑर्बिट’ या दुसऱ्या नावाने पुन्हा काढली गेली. दोन्ही गाण्यांवर लिटल रिचर्डची छाप उघड आहे. तोही मेकनचाच होता. पुढच्या रेडिंगची आर्त, थांबत-थांबत उलगडणारी गायकी येथे जवळजवळ नाही.

‘दीज आर्म्स ऑफ माइन’ : या गाण्यामागची हकीकत सर्वश्रुत आहे. गिटारवादक जॉनी जेन्किन्स याचे ध्वनिमुद्रण ठरले होते, रेडिंग त्याची मोटार चालवत मेम्फिसला आला, जेन्किन्सचे काम जमेना आणि उरलेल्या वेळात रेडिंगला गायला मिळाले. त्याने दोन गाणी गायली, ‘हे हे बेबी’ व ‘दीज आर्म्स ऑफ माइन’. हा प्रसंग काही लेखक ऑगस्ट १९६२ मध्ये ठेवतात, तर काही ऑक्टोबरमध्ये. तबकडी त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बाजारात आली. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर या गाण्यात पियानोवर आहे. गाणे मार्च १९६३ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत शिरले व ऱ्हिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या संगीताच्या) यादीत २० व्या, तर सर्वसाधारण (पॉप) यादीत ८५ व्या क्रमांकापर्यंत गेले.

पुढील दोन वर्षांचे यश क्रमांकांवरून मोजताना एक अडचण येते. बिलबोर्डने नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत ऱ्हिदम अँड ब्लूज यादी प्रसिद्धच केली नाही. ‘पेन इन माय हार्ट’ (पॉप ६१), ‘कम टू मी’ (६९), ‘सिक्युरिटी’ (९७) व ‘चेन्ड अँड बाउंड’ (७०) ही सिंगल नेमकी या काळातली. कृष्णवर्णीय श्रोत्यांत ती किती चालली याचा त्या साप्ताहिकातला पुरावा त्यामुळे उपलब्ध नाही. अनेक सूचींत या रकान्यात नुसती रेघ असते आणि ती अपयशाची खूण समजली जाते. तसे समजू नये.

‘पेन इन माय हार्ट’चे कर्तृत्वही वादाचे आहे. इर्मा थॉमसने गायलेल्या ‘रूलर ऑफ माय हार्ट’शी त्याची चाल व बांधणी इतकी मिळतीजुळती आहे की श्रेय अखेरीस मूळ गीतकाराकडे, म्हणजे ‘नेओमी नेव्हिल’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या ॲलन टूसां याच्याकडे, गेले. जुन्या तबकड्यांवर मात्र रेडिंगचे नाव आढळते.

पहिले दोन अल्बम : ‘पेन इन माय हार्ट’ हा पहिला अल्बम १९६४ च्या आरंभी, स्टॅक्सच्या तबकड्यांचे वितरण करणाऱ्या ॲटलांटिक कंपनीच्या ‘ॲटको’ लेबलवर आला. १ जानेवारी ही अनेक ठिकाणी दिलेली तारीख नोंदणीच्या सोयीची वाटते. काही सूची मार्च सांगतात. यात आधीची सिंगल व इतरांची गाणी (सॅम कुकचे ‘यू सेंड मी’, बेन ई. किंगचे ‘स्टँड बाय मी’, लिटल रिचर्डचे ‘लुसील’) एकत्र केली आहेत. त्या काळी सोल संगीतात सिंगल हेच मुख्य चलन होते व अल्बम ही बहुधा त्यांची जुळणी असे. ‘द ग्रेट ओटिस रेडिंग सिंग्ज सोल बॅलड्स’ (१९६५) याच पद्धतीचा, पण अधिक एकजीव आहे. त्यातील ‘मिस्टर पिटिफुल’ हे नाव मेम्फिसच्या एका रेडिओ निवेदकाने रेडिंगला दिले होते, त्याच्या आवाजातील व्याकूळतेवरून. क्रॉपरने त्यावरून गाण्याची कल्पना मांडली. तबकडीच्या दुसऱ्या बाजूचे ‘दॅट्स हाउ स्ट्राँग माय लव्ह इज’ क्रमवारीत मागे राहिले, तरी गायकीच्या दृष्टीने सरस आहे.

‘ओटिस ब्लू’ : पूर्ण नाव ‘ओटिस ब्लू : ओटिस रेडिंग सिंग्ज सोल’. प्रकाशन सप्टेंबर १९६५. अकरा गाण्यांपैकी बहुतेक ९ व १० जुलै १९६५ रोजी सलग बैठकीत मुद्रित झाली. वादकांना रात्री मेम्फिसच्या क्लबांत वाजवायचे असल्याने मध्ये काही तास काम थांबले होते. ‘ओल मॅन ट्रबल’ आधीच तयार होते. वाद्यवृंद स्टॅक्सचा नेहमीचाच: क्रॉपर (गिटार), डोनाल्ड ‘डक’ डन (बास), अल जॅक्सन (ड्रम), बुकर टी. जोन्स व आयझॅक हेज (कळफलक वाद्ये), जोडीला ट्रम्पेट-सॅक्सोफोन.

ॲटलांटिक कंपनीचा ध्वनिअभियंता टॉम डाउड न्यूयॉर्कहून आला व स्टॅक्समध्ये स्टिरिओ मुद्रणाची सोय झाली. तोपर्यंत तेथे एकाच पट्टीवर मोनो मुद्रण होत असे. ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ हे जेरी बटलरसह रचलेले गाणे एप्रिलमध्ये मोनोत मुद्रित होऊन सिंगल म्हणून गाजले होते (ऱ्हिदम अँड ब्लूज २, पॉप २१). स्टिरिओ अल्बमसाठी ते जुलैत नव्याने गायले गेले. त्यामुळे या गाण्याची दोन भिन्न स्टुडिओ मुद्रणे अस्तित्वात आहेत आणि संकलनांत त्यांची सरमिसळ होते. अभ्यासकाने कोणते मुद्रण ऐकले हे सांगितल्याशिवाय लयीबद्दलची विधाने निरर्थक ठरतात.

‘रिस्पेक्ट’च्या उगमाविषयी एकमत नाही. रेडिंगचा सहकारी स्पीडो सिम्स याने एक संथ गाणे आणले होते व रेडिंगने ते बदलून आपले केले, असे एक कथन आहे. मुद्रित श्रेय एकट्या रेडिंगचे आहे आणि गाण्याचा ठोस, धावता ठेका त्याच्या इतर रचनांशी जुळतो. उपलब्ध पुराव्यावर तेच स्वीकारणे योग्य. रेडिंगची तबकडी पॉप यादीत ३५ वर थांबली. अरीथा फ्रँकलिनने १९६७ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर नेले. ‘सॅटिस्फॅक्शन’बाबत उलटी अफवा पसरली, की गाणे मुळात रेडिंगचे व रोलिंग स्टोन्सने ते उचलले. ही अफवा तारखांपुढे टिकत नाही: स्टोन्सची तबकडी अमेरिकेत जूनमध्ये आली होती व क्रॉपरने ती रेडिंगला सुचवली. गिटारची मूळ सुरावट येथे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर आहे, एवढाच त्या अफवेला आधार.

अल्बममध्ये सॅम कुकची तीन गाणी आहेत. कुक डिसेंबर १९६४ मध्ये मारला गेला होता. ‘अ चेंज इज गॉना कम’ मध्ये रेडिंग मूळ रचनेचा भव्य तंतुवाद्यमेळ सोडून देतो आणि ओळी तोडून, पुन्हा उचलून गातो. सोल संगीतातला सर्वांगपूर्ण अल्बम म्हणून ‘ओटिस ब्लू’चे नाव घेतले जाते ते रास्त आहे. मुखपृष्ठावर मात्र रेडिंग नाही, एक सोनेरी केसांची गौरवर्णीय तरुणी आहे. ती कोण याविषयी मतभेद आहेत.

१९६६–६७ : ‘द सोल अल्बम’ (१९६६) तुलनेने दुर्लक्षित राहिला. ‘डिक्शनरी ऑफ सोल’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अल्बम त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. त्यातील ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे १९३२ चे नृत्यगीत आहे. हेजने केलेली वाद्यांची प्रस्तावना, मग ड्रमच्या कडेवर जॅक्सनचा घड्याळासारखा ठोका आणि शेवटी लय दुप्पट झाल्याचा भास, अशी त्याची चढती रचना आहे. रेडिंग आवाज एकदम खुला करत नाही. प्रत्येक कडव्यात थोडा राखून ठेवतो. मार्च १९६७ मधील ‘किंग अँड क्वीन’ हा कार्ला थॉमससह युगुलगीतांचा अल्बम. त्यातील ‘ट्रॅम्प’ सर्वाधिक चालले. ‘लाइव्ह इन युरप’ हा स्टॅक्सच्या १९६७ च्या दौऱ्यातून आला, मुख्यतः पॅरिसच्या ऑलिंपिया सभागृहातल्या कार्यक्रमातून. हयातीत निघालेला मैफलीचा अल्बम हाच एक.

‘डॉक ऑफ द बे’ : जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील पॉप संगीत महोत्सवात गायल्यानंतर रेडिंग सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो येथे एका हाउसबोटीवर राहिला, तेथे गाण्याच्या आरंभीच्या ओळी सुचल्या. पुढे घशाची शस्त्रक्रिया झाली व बरे होताच त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झपाट्याने बरीच गाणी मुद्रित केली. ‘(सिटिन’ ऑन) द डॉक ऑफ द बे’ची तारीख काही ठिकाणी ६–७ डिसेंबर दिली जाते. मूळ मुद्रण २२ नोव्हेंबरचे व डिसेंबरमध्ये त्यावर भर घातली गेली, ही मांडणी अधिक सुसंगत आहे. शेवटची शीळ मुद्दाम योजलेली, की बोलायच्या ओळी न सुचल्याने वाजवलेली, याबद्दल आठवणी परस्परविरोधी आहेत. लाटा व समुद्रपक्ष्यांचे आवाज क्रॉपरने नंतर मिसळले.

१० डिसेंबरला विस्कॉन्सिनमधील मॅडिसनजवळ मोनोना सरोवरात विमान कोसळून रेडिंग व त्याच्या साथीच्या बार-केज वाद्यवृंदातील बहुतेक सदस्य मृत्यू पावले. क्रॉपरने त्यानंतरच्या दिवसांत गाण्याचे अंतिम मिश्रण पुरे केले. जानेवारी १९६८ मध्ये आलेले हे सिंगल मार्चमध्ये पॉप यादीत पहिले आले व चार आठवडे तेथे राहिले. गायकाच्या निधनानंतर निघून त्या यादीत पहिले आलेले हे पहिले सिंगल होय. त्याआधी रेडिंग तेथे २१ च्या वर गेला नव्हता. रेडिंगच्या जाण्याच्या दुःखातूनच हे यश आले, असे म्हणणे अन्यायाचे आहे: चाल आणि गायकी दोन्ही नव्या होत्या व स्टॅक्सचा प्रमुख जिम स्टुअर्टही सुरुवातीला साशंक होता.

मरणोत्तर अल्बम व हक्क : फेब्रुवारी १९६८ चा ‘द डॉक ऑफ द बे’ हा अल्बम शीर्षकगीत सोडता मुख्यतः आधीच्या सिंगल व शिल्लक मुद्रणांची जुळणी आहे, ‘ओल मॅन ट्रबल’ व ‘ट्रॅम्प’ तर पूर्वीच्या अल्बमांतलीच. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला. अखेरच्या महिन्यांतला रेडिंग ऐकायचा तर ‘द इमॉर्टल ओटिस रेडिंग’ (जून १९६८) ऐकावा. ‘हार्ड टू हँडल’, ‘द हॅपी साँग’ आणि पत्नी झेल्माच्या कवितेवरून झालेले ‘आय हॅव गॉट ड्रीम्स टू रिमेंबर’ त्यात आहेत.

हा अल्बम व्होल्टवर नसून ॲटकोवर आहे, याचे कारण करारात आहे. १९६५ च्या वितरण करारानुसार स्टॅक्सच्या मूळ ध्वनिफितींची मालकी ॲटलांटिककडे गेली होती; ॲटलांटिक वॉर्नर-सेव्हन आर्ट्सला विकली गेल्यावर १९६८ मध्ये दोघांचे संबंध तुटले आणि रेडिंगचे मुद्रणही ॲटलांटिककडे राहिले. ‘लव्ह मॅन’ (१९६९) व ‘टेल द ट्रूथ’ (१९७०) याच साठ्यातून निघाले. माँटेरेचे गायन १९७० मध्ये ‘रिप्राइज’ लेबलवर आले, तबकडीच्या एका बाजूस गिटारवादक जिमी हेंड्रिक्स, दुसऱ्या बाजूस रेडिंग.

लॉस एंजेलिसच्या ‘व्हिस्की अ गो गो’ क्लबातले एप्रिल १९६६ चे मुद्रण १९६८ मध्ये अंशतः प्रसिद्ध झाले. येथे साथीला स्टॅक्सचे वादक नसून रेडिंगचा दौऱ्यावरचा वाद्यवृंद आहे, वाजवणे ओबडधोबड पण वेगवान. तीन रात्रींची सातही सत्रे सहा सीडींच्या संचात २०१६ मध्ये उपलब्ध झाली. त्या संचाच्या माहितीपुस्तिकेस २०१८ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले.