हायड्रॉलिक क्लचमधली हवा

लिव्हर पूर्ण दाबूनही न्यूट्रल लागत नाही, पहिला गिअर टाकताच गाडी पुढे ओढते आणि लिव्हर दोन-तीनदा पटापट दाबला की तेवढ्यापुरतं बरं होतं. मोटरसायकलच्या हायड्रॉलिक क्लचमध्ये (ज्यात तारेऐवजी फ्लुइड, म्हणजे द्रव, लिव्हरचा दाब क्लचपर्यंत पोचवतो) ही लक्षणं एकत्र दिसली, तर आधी लाइनमधल्या, म्हणजे फ्लुइडच्या नळीतल्या, हवेवर संशय घ्यावा.

एवढ्याशा हवेनं एवढा फरक का पडतो? उदाहरणादाखल मास्टर सिलिंडरचा (हँडलवरचा, लिव्हरनं फ्लुइड ढकलणारा) व्यास १४ मिमी धरा आणि त्याचा पिस्टन १० मिमी सरकतो असं समजा. म्हणजे लिव्हर एकदा दाबला की जेमतेम दीड मिलिलिटर फ्लुइड पुढे जातं. स्लेव्ह सिलिंडर (इंजिनवरचा, तो दाब घेणारा) २८ मिमीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ चौपट, म्हणून क्लच सोडवणारा दांडा, पुशरॉड, अडीच मिमीच हलतो. लाइनमध्ये ०.३ मिलिलिटर हवा असली, तर दाब चढताच ती आकसून जवळपास नाहीशी होते आणि या दीड मिलिलिटरचा पाचवा हिस्सा गिळते. पुशरॉड दोन मिमीवरच थांबतो, क्लचच्या प्लेट्स पुरत्या सुटत नाहीत.

कोणतं फ्लुइड घालायचं ते मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. बहुतेक गाड्यांना डॉट ४ (ब्रेकमध्येही वापरतात ते फ्लुइड) लागतं, काहींना मिनरल ऑइल. इथे अंदाज चालत नाही: एकाच्या जागी दुसरं घातलं तर सील फुगतात आणि सगळं उघडावं लागतं. डॉट ४ हवेतली आर्द्रता शोषतं. नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३०°से. असतो, पाणी मुरल्यावर तो १५५°से.पर्यंत उतरू शकतो. स्लेव्ह इंजिनलाच चिकटलेला, त्यामुळे उष्णता आहेच. शिवाय पाण्यानं सिलिंडर आतून गंजतो. साधारण दोन वर्षांनी फ्लुइड बदलावं, काळपट झालं असेल तर त्याआधीच.

कामाला १०० मिलिलिटर ताजं फ्लुइड, पारदर्शक नळी, निपलच्या (स्लेव्हवरच्या, हवा काढायच्या पोकळ स्क्रूच्या) मापाचा रिंग पाना (बहुधा ८ मिमी) आणि एक सिरिंज पुरते. डॉट फ्लुइड रंग खातं, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर फडकं टाका. सांडलंच तर लगेच पाण्यानं धुवा. हँडल वळवून मास्टर सिलिंडर सपाट करा, झाकण काढा, जुनं फ्लुइड सिरिंजनं ओढून नवं भरा. निपलवर आधी पाना, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा सोडा, फ्लुइड बाहेर आलं की निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की खालून हवा परत आत जाते. वरची पातळी घसरू देऊ नका, नाहीतर मास्टर हवा ओढतो आणि सगळं पहिल्यापासून.

फ्लुइड खालून ओढायला व्हॅक्यूम पंप वापरत असाल तर निपलच्या आट्यांमधून शिरलेले बुडबुडे नळीत दिसत राहतात. ते लाइनमधले नसतात. त्यांच्या मागे लागून बाटलीभर फ्लुइड वाया घालवू नये.

हट्टी हवा बहुधा वरच अडकते, मास्टरच्या बँजो बोल्टपाशी, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टपाशी. खालून कितीही फ्लुइड काढलं तरी ती हलत नाही. तिथे लिव्हरला जेमतेम दोन-तीन मिमीच्या छोट्या टिचक्या द्या. मास्टर आणि त्याची फ्लुइडची टाकी यांना जोडणाऱ्या बारीक छिद्रातून बुडबुडे टाकीत येताना दिसतील. तरीही अडली तर लिव्हर हँडलला बांधून रात्रभर ठेवा. बुडबुडे वर चढतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर टाकीत निघून जातात. ताकद न लावता होणारा हा सर्वात स्वस्त उपाय.

तेच बारीक छिद्र कचऱ्यानं बुजलं तर उलट त्रास होतो: फ्लुइड तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते आणि लिव्हर न दाबताही क्लच स्लिप होऊ लागतो.

फ्लुइड टाकीच्या तोंडापर्यंत मात्र भरू नका. ब्रेकपॅड झिजले की ब्रेकच्या टाकीतली पातळी उतरते, पण क्लच प्लेट्स झिजल्या की क्लचच्या टाकीतली चढते, कारण पुशरॉड स्लेव्हचा पिस्टन मागे रेटतो. क्लचची पातळी उतरत असेल तर झीज नव्हे, गळतीच शोधायची. पुढच्या चेन-स्प्रॉकेटचं कव्हर काढून स्लेव्हभोवती बघा. मात्र स्लेव्ह सुटा केलेला असताना लिव्हरला हात लावू नका, पिस्टन बाहेर उडतो.