फोरट्रानमधलं न दिलेलं आर्ग्युमेंट

फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मानकावर, म्हणजे तिच्या अधिकृत नियमांवर, चर्चा निघाली की एक प्रश्न हमखास येतो: ऐच्छिक आर्ग्युमेंटची (सबरुटीनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका तुकड्याला, दिली किंवा न दिली तरी चालेल अशा माहितीची) डिफॉल्ट किंमत, म्हणजे काही न दिल्यास धरायची किंमत, घोषणेच्या ओळीतच का लिहिता येत नाही? एडा, सी++, पायथन या सगळ्यांत ती सोय आहे. उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

फोरट्रान ७७ मध्ये ऐच्छिक असं काही नव्हतंच. सबरुटीन जितकी आर्ग्युमेंट्स मागेल, तितकी द्यायची. सबरुटीन्स वेगवेगळी कंपाइल होत, त्यामुळे एखादं राहून गेलं तरी कंपायलरला बहुतेकदा ते कळत नसे आणि प्रोग्रॅम चालताना भलत्याच मेमरीला हात लागे. लॅपॅक या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीत समीकरणं सोडवणाऱ्या डीजीईएसव्ही या सबरुटीनला आजही ८ आर्ग्युमेंट्स लागतात. तेच काम लॅपॅक९५ च्या आवरणातून करताना दोन ॲरे दिले की पुरे.

ही सुटसुटीत हाक (कॉल) शक्य झाली फोरट्रान ९० मुळे. हे मानक १९९१ मध्ये आयएसओने प्रसिद्ध केलं. त्यात ‘ऑप्शनल’ हा गुणधर्म आला आणि आर्ग्युमेंट आलं आहे की नाही हे विचारणारं ‘प्रेझेंट’ फंक्शनही आलं. मात्र हाक मारणाऱ्या कोडला त्या सबरुटीनचा इंटरफेस (ती कोणती आर्ग्युमेंट्स घेते याचं वर्णन) उघड दिसलाच पाहिजे, अशी अट घातली गेली. न दिलेलं आर्ग्युमेंट तसंच पुढच्या सबरुटीनच्या ऐच्छिक जागी पाठवलं, तर तिथेही ते न दिलेलंच राहतं. मला या रचनेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते: ‘दिलं नाही’ ही माहिती वाटेत हरवत नाही.

डिफॉल्ट किंमत आली की हाच धागा गुंततो. किंमत आपोआप भरली गेल्यावर ‘प्रेझेंट’ने हो म्हणायचं की नाही? शिवाय, घोषणेच्या ओळीत स्थानिक चलाला किंमत दिली तर फोरट्रानमध्ये तो चल ‘सेव्ह’ होतो, म्हणजे एका हाकेतली किंमत पुढच्या हाकेपर्यंत टिकते. त्याच लेखनाचा आर्ग्युमेंटपुरता वेगळा अर्थ लावला, तर नवशिक्यांची फसगत ठरलेली.

फसगतीला आधीच एक जागा आहे. ‘प्रेझेंट(एक्स) .अँड. एक्स > ०’ ही अट निर्धोक दिसते, पण आहे धोक्याची. डावी बाजू खोटी ठरली की उजवी तपासू नये, असं बंधन मानक कंपायलरवर घालत नाही, म्हणून न दिलेल्या एक्सची किंमतही वाचली जाऊ शकते. एकात एक दोन ‘इफ’ लिहावे लागतात.

फोरट्रान २००८ ने एक दार किलकिलं केलं: अजून मेमरी न दिलेला ॲलोकेटेबल (प्रोग्रॅम चालताना मेमरी मिळणारा) चल साध्या ऐच्छिक जागी पाठवला, तर आर्ग्युमेंट दिलंच नाही असं धरायचं. त्याआधी तीन आर्ग्युमेंट्स अटींनुसार द्यायची किंवा गाळायची असतील, तर हाकेच्या आठ शाखा लिहाव्या लागत. फोरट्रान २०२३ मध्ये सशर्त आर्ग्युमेंट्स आली आणि ‘.निल.’ लिहून ‘इथे काही देत नाही’ असं थेट सांगता येऊ लागलं.

डिफॉल्ट किंमत मात्र २०२३ च्या मानकातही नाही. आजही स्थानिक चल घ्यायचा, त्यात नेहमीची किंमत ठेवायची आणि आर्ग्युमेंट आलं असेल तर ती बदलायची. नाहीतर हेच काम करणारं, फोरट्रानच्या स्टँडर्ड लायब्ररी प्रकल्पातलं ‘ऑप्टव्हॅल’ फंक्शन वापरायचं.