पार्श्वभूमी : दुचाकीवरचा कॅमेरा साक्षीला कसा उभा राहिला

सायकलच्या हँडलबारवर, सीटखाली किंवा हेल्मेटवर बसवलेला कॅमेरा आज दोन अगदी निराळ्या कामांसाठी घेतला जातो. एकाला घाट उतरतानाची मजा टिपून चार लोकांना दाखवायची असते, तर दुसऱ्याला मागून घासून गेलेल्या गाडीचा नंबर हवा असतो. दुकानात दोघेही एकच वस्तू मागतात, पण या दोन वापरांचा इतिहास एक नाही. पहिला इतिहास भिंगाचा, बॅटरीचा आणि मेमरी कार्डाचा आहे, आणि तो चारदोन परिच्छेदांत सांगून होतो. दुसरा इतिहास मुख्यतः पोलिसांच्या टेबलाचा आहे, म्हणजे नागरिकाने आणून दिलेली फाइल कोणी, कोणत्या कलमाखाली आणि किती दिवसांत स्वीकारायची याचा. तो बराच उशिरा सुरू झाला आणि आपल्याकडे अजून अर्ध्या वाटेवर आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथले चित्रणकार मार्क शुल्झ यांनी 1987 साली माउंटन बायकिंगचे चित्रण करण्यासाठी मोटारसायकलच्या हेल्मेटवर व्हिडिओ कॅमेरा बसवला आणि त्याची वायर पाठीवरच्या पिशवीतल्या व्हीएचएस रेकॉर्डरला जोडली. एवढे ओझे घेऊन रोज कचेरीला कोण जाणार? त्यामुळे पुढची कित्येक वर्षे ही हौशी आणि व्यावसायिक चित्रणकारांचीच गोष्ट राहिली. निक वुडमन यांनी 2002 साली स्थापन केलेल्या गोप्रो कंपनीचा 2004 मध्ये बाजारात आलेला पहिला कॅमेरा तर चक्क 35 मिलिमीटर फिल्मवर फोटो काढणारा होता. तो लाटांवर स्वार होणाऱ्यांनी मनगटावर बांधायचा होता. 2006 च्या डिजिटल आवृत्तीत दहा सेकंदांचे चित्रण होत असे, तेही आवाजाविना. 2009 च्या अखेरीस एचडी आवृत्ती आली, तोवर यूट्यूब रुळले होते, आणि त्यानंतर डोंगरउतारावरच्या चित्रणांचा पूर आला. या सगळ्या काळात कॅमेरा चालवणाऱ्याच्या डोळ्यासमोर प्रेक्षक होता, न्यायाधीश नव्हता.

कॅमेऱ्याला साक्षीदार करण्याची कल्पना खरे तर चारचाकीतून आली. रशियात खोटे अपघात घडवून पैसे उकळण्याचे प्रकार आणि विम्याचे वाद इतके वाढले होते की समोरच्या काचेवर डॅशकॅम लावणे सर्वसामान्य झाले. 15 फेब्रुवारी 2013 रोजी चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा तिची इतकी चित्रणे जगाला मिळाली ती या सवयीमुळेच. डॅशकॅमने आणलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘लूप’ पद्धतीचे चित्रण. कॅमेरा सतत चालू राहतो, काही मिनिटांच्या फाइली बनवतो, कार्ड भरले की सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहितो, आणि धक्का बसला तर ती विशिष्ट फाइल पुसली जाऊ नये म्हणून बाजूला ठेवतो. मजा टिपणारा माणूस बटण दाबून चित्रण सुरू करतो, पण कट मारणारी गाडी बटण दाबण्याची वाट पाहत नाही. म्हणून साक्षीसाठी लूप हवाच.

सायकलीसाठी हे जमवले ते ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या सायक्लिक या कंपनीने. तिच्या संस्थापकांपैकी एकाला सायकल चालवताना जाणाऱ्या मोटारीतून कोणीतरी बेचकीने खडा मारला आणि मारणारा कोण ते कधीच कळले नाही, तेव्हा ही कल्पना सुचली, असे ते सांगत आले आहेत. 2014 च्या सुरुवातीला त्यांनी लोकवर्गणीतून फ्लाय 6 हे उपकरण काढले. त्यात मागचा लाल दिवा आणि कॅमेरा एकाच डबीत होता. कल्पना साधी होती, पण नेमकी होती. दिवा लावायला कोणी विसरत नाही, आणि दिवा लागला की चित्रण आपोआप सुरू होते. 2022 मध्ये गार्मिन या कंपनीने मागून येणाऱ्या गाडीची सूचना देणारे रडारही त्याच डबीत घातले.

कॅमेऱ्याला जे दिसते ते जसेच्या तसे मानायचे नसते, हे या वापरात लवकर लक्षात आले. डोंगरउतारासाठी बनवलेले भिंग फार रुंद कोनाचे असते. चित्रात खूप काही मावावे म्हणून ते प्रत्येक वस्तू प्रत्यक्षापेक्षा लहान आणि लांब दाखवते. कोपराला वारा लागावा इतक्या जवळून गेलेली बस त्या चित्रात ऐसपैस अंतर ठेवून गेल्यासारखी वाटते, आणि ते पाहून समोरचा विचारतो, “यात काय एवढे?” म्हणून अनुभवी मंडळी कोन अरुंद ठेवतात आणि हँडलबारचे टोक चौकटीत दिसेल असा कॅमेरा लावतात. हँडलबारची रुंदी मोजता येते, आणि तिच्या मापाने गाडीचे अंतर अदमासता येते. दुसरी अडचण हादऱ्यांची. खडबडीत रस्त्यावर हँडलबार थरथरतो, चित्रातल्या सरळ रेषा जेलीसारख्या डुलतात आणि नंबरप्लेटवरचा 3 आहे की 8, हे कळेनासे होते. रात्री तर हेडलाइटच्या झगमगाटात प्लेट पांढरी पडते. त्यामुळे गाडी पुढे गेल्यावर तिचा नंबर मोठ्याने उच्चारून तो चित्रणातच नोंदवून ठेवायची सवय अनेक सायकलस्वारांनी लावून घेतली आहे. वाटेने स्वतःशीच आकडे पुटपुटत जाणारा माणूस दिसला, तर तो वेडा नव्हे, कॅमेरावाला असण्याची शक्यता आहे.

पोलिसांच्या टेबलाचा इतिहास ब्रिटनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. तिथल्या कायद्यात दोन तरतुदी आधीपासून होत्या. निष्काळजी वाहनचालनासारख्या गुन्ह्यांत 14 दिवसांच्या आत वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला खटल्याच्या उद्देशाची नोटीस जावी लागते, आणि गाडी कोण चालवत होते हे सांगणे मालकावर बंधनकारक असते. म्हणजे नंबर आणि तारीख वेळेत मिळाली तर पुढची वाट मोकळी होती. तरीही सायकलस्वाराने आणलेली चित्रफीत पाहून बहुतेक ठिकाणी फार तर चालकाला समजपत्र जाई. गुन्हा नोंदवायचा तर तक्रारदाराचा जबाब, मूळ फाइल आणि ती तपासायला मनुष्यबळ हवे, आणि त्यासाठी कोणतीही ठरलेली व्यवस्था नव्हती.

2016 मध्ये दोन घटना घडल्या. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅम परिसर सांभाळणाऱ्या वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी साध्या वेशातला एक हवालदार कॅमेरा लावलेल्या सायकलवर रस्त्यात सोडला. कोणी त्याला घासून गेले की तो पुढच्या चौकात उभ्या असलेल्या सहकाऱ्याला वायरलेसवर कळवी, आणि गाडी बाजूला घेतली जाई. चालकाला दोन पर्याय दिले जात, खटला किंवा जमिनीवर अंथरलेल्या चटईसमोर पंधरा मिनिटांची शिकवणी. चटईवर रस्ता, सायकल आणि सोडायचे अंतर छापलेले असे. चटईसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला दीड मीटर म्हणजे किती, हे डोळ्यांनी कळते. माझ्या मते या मोहिमेचा खरा परिणाम पोलिसांवरच झाला. सायकलवर बसलेल्या हवालदाराला जे भोगावे लागले, ते पाहिल्यावर नागरिकांच्या चित्रफितींकडे कुरकुर म्हणून बघणे अवघड झाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर वेल्समध्ये ‘ऑपरेशन स्नॅप’ सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते साऱ्या वेल्समध्ये पसरले. नंतर इंग्लंडमधल्या अनेक पोलीस दलांनीही तेच नाव आणि तीच पद्धत उचलली. पद्धत अशी की नागरिकाने संकेतस्थळावर अर्ज भरायचा, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा थोडा भाग ठेवून, काटछाट न करता फाइल चढवायची, अर्जातच जबाब द्यायचा आणि वेळ पडल्यास न्यायालयात यायची तयारी दाखवायची. आधीचा भाग मागतात तो सायकलस्वाराने आधी काय केले हे पाहण्यासाठी, आणि कधी कधी त्यात सायकलस्वारच सिग्नल तोडताना सापडतो. 29 जानेवारी 2022 पासून तिथल्या वाहतूक नियमावलीत ताशी 30 मैलांपर्यंतच्या वेगात सायकलपासून किमान दीड मीटर अंतर सोडावे असे स्पष्ट लिहिले गेले. त्याच वर्षी 25 मार्चपासून गाडी चालवताना मोबाइल हातात धरून जवळपास काहीही करणे गुन्हा ठरले. पूर्वी तो संवादासाठी वापरला होता हे सिद्ध करावे लागे, आणि फोनवर गाणे बदलत होतो म्हणणारा सुटून जाई. आता हातात फोन धरून तो वापरतानाचे चित्रण बरेचसे पुरेसे ठरते.

याच मोबाइलच्या गुन्ह्याची चित्रणे पोलिसांकडे दिल्यामुळे लंडनमध्ये ‘सायकलिंग मायकी’ या नावाने ओळखले जाणारे मायकेल व्हॅन एर्प प्रसिद्ध झाले. त्यांच्या तक्रारींवरून काही नामवंतांवरही कारवाई झाली. त्यांच्या वडिलांचा मृत्यू झिम्बाब्वेमध्ये दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली झाला होता. थांबलेल्या वाहनांच्या रांगेत खिडक्यांमधून डोकावत फिरणे ही चुगलखोरी की नागरिकाचे कर्तव्य, यावर तिथे अजूनही कडाक्याचे भांडण आहे. कॅमेरावाला मुद्दाम कुरापत काढतो हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. चित्रण जालावर टाकून पैसे मिळत असतील तर भांडणालाही बाजारभाव येतो. जर्मनीत वाद दुसऱ्याच अंगाने गेला. रस्त्यावरच्या परक्या माणसांचे सतत चित्रण करणे हेच तिथे खासगीपणाच्या कायद्याचे उल्लंघन मानले जाते. मात्र मे 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की चित्रण नियमबाह्य असले तरी अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून वापरता येऊ शकते.

भारतात क्रम उलटा लागला. इथे हा कॅमेरा सायकलीपेक्षा मोटारसायकलस्वाराच्या हेल्मेटवर आधी आला, लडाखच्या वाटेवर निघालेल्यांच्या हौसेतून आला आणि पुष्कळसा तिथेच राहिला. केरळच्या मोटार वाहन विभागाने 2022 मध्ये हेल्मेटवर कॅमेरा बसवणाऱ्यांवर कारवाईचा इशारा दिला, तो हेल्मेटच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. गरज मात्र मोठी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली आणि त्यांत मोटारसायकल-स्कूटरवरच्यांचा वाटा 44.5 टक्के होता. ठोकर मारून पळालेल्या गाडीचा नंबर मिळाला नाही, तर मृताच्या वारसांना 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या योजनेतून ठरावीक 2 लाख रुपये मिळतात. त्याआधी ही रक्कम 25 हजार होती. नंबर मिळाला तर वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतात. तिथे मृताचे वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरते आणि ती बहुधा विमा कंपनीला द्यावी लागते. कमावत्या माणसाच्या बाबतीत या दोन रकमांमध्ये अनेक पटींचे अंतर पडते, आणि ते बऱ्याचदा प्लेटवरच्या चार आकड्यांवर ठरते.

ते आकडे दाखवणारी चित्रफीत न्यायालयात कशी मांडायची, याचा आजचा प्रमुख निकाल जालन्याच्या एका निवडणूक वादातून आला आहे. रस्त्याशी त्याचा काही संबंध नव्हता. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा अर्ज मुदतीनंतर भरला गेला की नाही, हा प्रश्न होता, आणि पुरावा होता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची तर पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खालचे, म्हणजे ती प्रत कोणत्या उपकरणातून आणि कशी काढली हे सांगणारे, प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्या उपकरणात मूळ नोंद आहे तेच उपकरण त्याच्या मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. दुचाकीवरच्या कॅमेऱ्यापुरता याचा अर्थ असा की व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप हा सर्वांत दुबळा पुरावा, आणि कॅमेऱ्यातले मूळ कार्ड हा सर्वांत भक्कम. घटना घडल्यावर ते कार्ड काढून पाकिटात ठेवावे आणि कॅमेऱ्यात दुसरे घालावे. नाहीतर लूप आपले काम करत राहतो आणि चार दिवसांत पुरावा स्वतःच पुसून टाकतो.

वाहतूक नियमभंगाच्या तक्रारींसाठी नागरिकांना सामावून घेण्याचे प्रयोग इथेही झाले. दिल्लीत 2015 च्या डिसेंबरात आणि गोव्यात 2017 च्या नोव्हेंबरात ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना सुरू झाली. नियमभंगाचा फोटो किंवा चित्रण पाठवायचे, तक्रार ग्राह्य धरली गेली की गुण मिळायचे आणि गुण साठले की बक्षीस. गोव्यात तिला विरोधही झाला. गाव लहान, माणसे ओळखीची, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचा विनाहेल्मेट फोटो पाठवून गुण कमवावेत हे अनेकांना रुचले नाही. महाराष्ट्रातही वाहतूक पोलिसांच्या ॲपवरून तक्रार करता येते, पण तिचा उपयोग चुकीच्या जागी उभी केलेली गाडी किंवा राँग साइड अशा एका फोटोत मावणाऱ्या गोष्टींसाठी अधिक. घासून जाणे एका फोटोत मावत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट 2021 मध्ये घातलेला 167 अ हा नियम अंगावरचा कॅमेरा आणि डॅशकॅम यांचा उल्लेख करतो आणि 15 दिवसांत नोटीस पाठवायला सांगतो, पण तो मान्यताप्रमाणित सरकारी उपकरणांसाठी आहे. चालक कोण होता हे मालकाकडून काढून घेण्याचा अधिकार मात्र 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 133 ने पोलिसांना आधीपासूनच दिलेला आहे.

1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत. पहिल्या भागात फाइल सादर करणाऱ्याने उपकरणाचा तपशील आणि फाइलचे हॅश मूल्य लिहायचे, आणि दुसऱ्या भागावर तज्ज्ञाने सही करायची. हॅश मूल्य म्हणजे फाइलमधला एक बिंदू बदलला तरी बदलणारा लांबलचक आकडा. तो घरच्या संगणकावर मिनिटभरात काढता येतो. कोपर खरचटलेल्या अवस्थेत कार्ड घेऊन पोलीस ठाण्यात गेलेल्या सायकलस्वाराला अडचण येते ती दुसऱ्या भागावर सही करणारा तज्ज्ञ शोधताना.