‘शाळेत नुसतं खेळवतात!’

बालवाडीच्या दारात ही तक्रार हमखास ऐकू येते. फी भरायची, डबा द्यायचा आणि पोर घरी येऊन सांगतं, ‘आज आम्ही भातुकली खेळलो.’ शेजारचा चार वर्षांचा मुलगा मात्र ‘क’ गिरवतो! पालकांचा जीव खालीवर होणारच. पण त्या खेळात काय चाललेलं असतं, हे पाहण्यासारखं आहे.

सोव्हिएत रशियात मानुइलेन्को या संशोधिकेने १९४८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना सांगितलं, अजिबात न हलता उभे राहा. थोड्याच वेळात चुळबूळ सुरू. मग त्याच वयाच्या मुलांना खेळात पहारेकरी केलं. आता चार ते सहा वर्षांची मुलं कितीतरी जास्त वेळ ताठ उभी राहिली!

वय तेच, मग फरक कुठला? नुसतं ‘हलू नकोस’ म्हटलं की मुलाला हलण्याची ऊर्मी दाबायची असते आणि सूचनाही लक्षात ठेवायची असते. कपाळामागचा मेंदूचा जो भाग हे काम करतो, तो पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. चौथ्या वर्षी तो फारच कोवळा असतो. ‘मी पहारेकरी’ म्हटलं की नियम त्या भूमिकेतच येतो. पहारेकरी हलत नाही, बस्स. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ च्या व्याख्यानात हेच मांडलं होतं: मनासारखं वागायला मिळावं म्हणून मूल खेळतं आणि खेळात तेच मूल स्वतःहून नियमाला बांधून घेतं. खेळात गोड गोळी ‘खायची नाही’ असं ठरलं, तर खरी गोळी हातात असूनही ते खात नाही.

‘शिवाजी म्हणतो’ खेळताना उठलेला हात मध्येच थांबतो ना, तोही स्वतःला आवरण्याच्या याच ताकदीचा सराव.

मात्र मुलाचा मध्यमेंदू ‘जागा करतो’ म्हणत डोळे बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ वर्गांना पैसे देऊ नका. मध्यमेंदू झोपलेला असता तर मूल जागंच राहिलं नसतं! पट्टीखालच्या फटीतून मूल बघतं, एवढंच. आणि भातुकलीने बुद्धी वाढते असं कुणी छातीठोक सांगितलं, तर तेही मानू नका. मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले, तेव्हा कल्पनाखेळ हे विकासाचं अनिवार्य कारण असल्याचं सिद्ध झालं नाही.

विगोत्स्कींचा दुसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. काठीचा घोडा होतो, तेव्हा ‘घोडा’ हा अर्थ घोड्यापासून सुटतो आणि काठीवर जाऊन बसतो. करवंटीतली वाळू वाळूच असते, तरी भात असते. मूल दोन्ही एकदम जाणतं, म्हणून ती गिळत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या बोर्डी गावातल्या बालवाडीत शंख-शिंपले, पानं, बिया हीच साधनं होती. आता गिरवायच्या ‘क’कडे बघा. कागदावरची ती वळणदार रेघ म्हणजे ‘क’चा आवाज नव्हे, पण तो आवाज आपण तिच्यात ऐकायचा. काठीत घोडा बघायचा, तसाच.